भोपळा कशावर चालतो? विज्ञानकथेला बिचकणाऱ्यांना तिच्याजवळ नेण्याची रीत

म्हातारी लेकीकडे जाते, तूप-रोटी खाते, लठ्ठ होते आणि परत निघताना भोपळ्यात बसते. वाटेत कोल्हा अडवतो, वाघ अडवतो. आतून आवाज येतो, "म्हातारी-बितारी मला नाही ठाऊक, चल रे भोपळ्या टुणूक टुणूक." ही गोष्ट ऐकताना कुठल्या पोरानं आजीला विचारलं असेल, की भोपळा चालतो कशावर? वळतो कसा? आत हवा कुठून येते? भोपळा चालतो, विषय संपला. आता वाघ काय करतो ते सांग.

तेच पोर चाळिशीला पोचतं. कुणीतरी त्याच्या हातात विज्ञानकथा ठेवतं. दुसऱ्या पानावर यान सुटतं आणि हा गृहस्थ थबकतो. "हे आपल्याला कळायचं नाही." पुस्तक परत.

आमच्या गावच्या वाचनकट्ट्यासाठी पुस्तकं निवडायचं काम गेली काही वर्षं माझ्याकडे आहे. भयकथा, रहस्यकथा, ऐतिहासिक, पौराणिक, सगळं उचललं जातं. मुंजा चालतो, समंध चालतो, अश्वत्थामा अजून तेल मागत फिरतो तेही चालतं. परग्रहवासी म्हटलं की मात्र चेहरे पडतात. सुरुवातीला मला वाटायचं, विज्ञानाची भीती आहे. आता वाटतं, मंडळींना ही गोष्ट ऐकायची कशी ते पक्कं ठाऊक आहे; फक्त ही तीच गोष्ट आहे, हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही. खाली लिहिलेली रीत त्यातून हळूहळू बसली. घरातल्या एका माणसासाठी वापरा, कट्ट्यासाठी वापरा, किंवा तुम्हीच बिचकत असाल तर स्वतःवर करून बघा.

आधी नकार नीट ऐका

"मला नको बाई ते" या एका वाक्यात चार-पाच वेगवेगळे नकार लपलेले असतात. औषध ठरवण्याआधी कुठला ते ओळखायला हवं.

पहिला नकार दहावीचा. भौतिकशास्त्राच्या पेपरात जे झालं ते पुन्हा नको, एवढंच. हा सर्वांत सोपा, कारण कथेच्या शेवटी प्रश्नपत्रिका नसते हे दोन कथांतच कळतं.

दुसरा, "ते लहान मुलांचं असतं." याला मराठीत थोडा इतिहासही आहे. आपल्यापैकी पुष्कळांना चंद्रावरच्या स्वाऱ्या भेटल्या त्या शाळेच्या सुट्टीत, कुमारांसाठी केलेल्या अनुवादांतून. पुढे इयत्ता बदलली तशी ती पुस्तकं धाकट्या भावंडांकडे गेली आणि तो कप्पाच बंद झाला. अशा माणसाला सांगावं, की विज्ञानकथा लिहिणारे जयंत नारळीकर २०२१ साली नाशिकच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून निवडले गेले होते. संमेलनाध्यक्षाला आपल्याकडे अजून मान आहे, त्यामुळे हा मुद्दा चालतो.

तिसरा नकार चमत्कारिक. "त्यात नवीन काय? आमच्या पुराणांत सगळं होतंच." इथे दोन्ही बाजूंनी वाद टाळा. तसं म्हणणाऱ्याचं गोष्टीवर प्रेम आहे आणि तेच तर आपल्याला हवंय. पुष्पक विमानात कितीही माणसं बसली तरी एक जागा रिकामी राहते, असं सांगतात. हे ऐकून विमानाचा कारखाना शोधायला निघणारा आणि "असं कुठे असतं का" म्हणून उठून जाणारा, दोघांचीही गोष्ट हुकते. ती रिकामी जागा कुणासाठी, हे विचारणारा आपला वाचक. आणि "सगळं होतंच" म्हणणारे बरेचदा तोच प्रश्न विचारायच्या बेतात असतात.

चौथा नकार खरा आहे. "त्यात माणसं नसतात हो, नुसती यंत्रं." मराठीत अशा कथा आहेत, भरपूर आहेत. सुरुवातीला एक रहस्यमय घटना, मध्ये गोंधळलेला पोलीस अधिकारी आणि शेवटी एक प्राध्यापक खुर्चीत रेलून दोन पानं समजावून सांगतात. लोकांना विज्ञान कळावं हा हेतू चांगलाच, पण औषध दिसतं आणि गूळ दिसत नाही. एखाद्यानं अशा तीन कथा वाचून नाद सोडला असेल तर दोष वाचकाला देऊ नका. "बरोबर आहे तुमचं" म्हणा आणि वेगळी कथा द्या.

मीही एकदा चांगलीच चुकले होते. एका मावशींना, निवृत्त शिक्षिका, अस्सल वाचक, मी उत्साहाच्या भरात एक चारशे पानी अनुवादित कादंबरी दिली. पहिल्याच प्रकरणात सात ग्रह, अकरा नावं आणि एकही उच्चारता येईना. महिन्यानं गेले तर पुस्तक पापडांवर वजन म्हणून ठेवलेलं. "जाड आहे गं, छान बसतं," त्या म्हणाल्या. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्या पापडांपासून सुरू होतात.

पायरी पहिली: पुस्तक देऊ नका, गोष्ट सांगा

पहिल्या भेटीत छापील कागद नको. त्या माणसाच्या ओळखीची, किंवा निदान ओळखीच्या घरातली, एक जुनी गोष्ट तोंडी सांगा. माझी ठरलेली गोष्ट ककुद्मी राजाची.

राजाची मुलगी रेवती. तिच्या तोडीचा वर सापडेना, म्हणून बाप तिला घेऊन थेट ब्रह्मलोकात गेला. तिथे गंधर्वांचं गाणं चाललेलं. मैफलीत मध्येच बोलणं बरं नव्हे, म्हणून दोघं थांबले. गाणं संपल्यावर राजानं मनातल्या मुलांची यादी वाचून दाखवली. ब्रह्मदेव हसले. म्हणाले, "अरे, तू इथे थांबलास तेवढ्यात खाली सत्तावीस चतुर्युगं झाली. ती मुलं गेली, त्यांची नातवंडं गेली, नावंसुद्धा उरली नाहीत." बापलेक खाली आले तर माणसं बुटकी झालेली. शेवटी बलरामाशी लग्न ठरलं, आणि रेवती एवढी उंच, की बलरामानं नांगराच्या टोकानं तिला खाली ओढून आपल्या मापाची केली.

इथे थांबा. ऐकणारा बहुधा नांगरावर हसतो. हसू द्या. मग एक छोटा हिशेब मांडा. एक चतुर्युग ४३,२०,००० वर्षांचं. सत्तावीस चतुर्युगं म्हणजे ११ कोटी ६६ लाख ४० हजार वर्षं. ब्रह्मदेवाचा एक दिवस एक हजार चतुर्युगांचा. तो दिवस आपल्यासारखा बारा तासांचा धरला तर सत्तावीस चतुर्युगं होतात साधारण साडेएकोणीस मिनिटं. एका विलंबित ख्यालाला पुरेल एवढा वेळ! सांगणाऱ्यानं हा हिशेब मनात धरला होता की नाही कोण जाणे, पण गोष्ट आपल्याच नियमात चोख बसते.

आता म्हणा, की वेग वाढला किंवा गुरुत्वाकर्षण बदललं की घड्याळाची चाल बदलते, हे आइन्स्टाइनचं गणित. प्रकाशाच्या ९९ टक्के वेगानं कुणी वर्षभर फिरून आलं तर घरी सुमारे सात वर्षं उलटलेली असतील. हे नुसतं कागदावर नाही. तुमच्या मोबाइलला वाट दाखवणाऱ्या जीपीएस उपग्रहांची घड्याळं जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात आणि तो फरक सावरून घ्यावा लागतो. म्हणून ककुद्मीला सापेक्षता ठाऊक होती का? मुळीच नाही. त्याला एवढंच ठाऊक होतं, की घरापासून फार दूर, फार वेळ राहिलं की परत यायला घर उरत नाही. दुबईहून किंवा न्यू जर्सीहून वीस वर्षांनी गावी आलेल्या कुणालाही विचारा. अंतराळप्रवासाच्या अर्ध्या कथांचा जीव या एका दुःखात आहे.

ककुद्मी सगळ्यांना लागू पडतोच असं नाही. ज्याला माणसांच्या मूर्खपणावर बोलायला आवडतं त्याला पंचतंत्रातले चार ब्राह्मण सांगा. तिघं विद्वान वाटेत पडलेल्या हाडांवर विद्या चालवतात, एक सांगाडा जोडतो, एक मांस-कातडं चढवतो, तिसरा प्राण फुंकायला निघतो. चौथ्याकडे विद्या नाही, अक्कल आहे. "अरे, हा सिंह आहे," तो म्हणतो, "निदान मला झाडावर तरी चढू द्या." प्रयोगशाळेतून सुटलेल्या कुठल्याही गोष्टीची कथा यापुढे फार वेगळी नसते. झाड किती उंच, एवढंच बदलतं.

पायरी दुसरी: पहिली कथा निवडताना कंजूषपणा करा

आता छापील कथा. कादंबरी नको. दहा-पंधरा पानांची एकच कथा, आणि शक्यतो संग्रहातून तेवढीच झेरॉक्स काढून किंवा खूण घालून द्या. अख्खा संग्रह दिला की माणूस पहिल्या पानापासून सुरू करतो आणि संपादकानं पहिली कथा आपल्या वाचकासाठी निवडलेली नसते.

मी निवडताना तीन गोष्टी बघते. कथेत नवल एकच असावं. लोककथा इथे फार शहाणी असते. भोपळा चालतो, पण लेकीचं घर, तूप-रोटी, वाघ सगळं नेहमीचं. चालणारा भोपळा, बोलकं घर आणि तीन डोक्यांची लेक एकाच वेळी आली तर पोरही कंटाळेल. दुसरं, जागा ओळखीची असावी. पुणे-मुंबई रस्ता चालेल, सांगलीचा वाडा चालेल, कोपऱ्यावरची पतपेढी चालेल. तिसरं आणि सगळ्यांत महत्त्वाचं, पहिल्या पानावर कुणाला तरी काहीतरी हवं असावं. नोकरी, मूल, बढती, सूड, काहीही. पहिल्या पानावर नुसतं साल आणि ताऱ्याचं नाव असेल तर ती कथा चौथ्या-पाचव्या महिन्यासाठी ठेवा.

या कसोटीवर माझी नेहमीची पहिली कथा नारळीकरांची 'गंगाधरपंतांचे पानिपत'. (ज्यांना शेवट आधी कळलेला चालत नाही त्यांनी पुढचा परिच्छेद सोडावा.)

गंगाधरपंत गायतोंडे इतिहासाचे प्राध्यापक. पुण्याहून मुंबईला निघतात आणि पोचतात ते वेगळ्याच मुंबईत, कारण या जगात १७६१ साली पानिपतावर मराठे जिंकलेले आहेत. विश्वासरावांना लागायची गोळी हुकली, बस. प्राध्यापक काय करतात? मराठी प्राध्यापक करील तेच. ग्रंथालयात जाऊन संदर्भ तपासतात. मग एका सभेत अध्यक्षांची खुर्ची रिकामी दिसते, ती भरायला व्यासपीठावर चढतात आणि श्रोत्यांचा मार खातात. परत येतात तेव्हा खिशात बखरीचं एक फाटकं पान असतं. पाताळात जाऊन आलेला राजपुत्र तिथली काहीतरी खूण घेऊन येतो, नाहीतर कोण विश्वास ठेवणार? इथे खूण म्हणजे बखरीचं पान. शेवटी पुंजयांत्रिकीचं, म्हणजे क्वांटम मेकॅनिक्सचं, स्पष्टीकरण आहे, पण तोवर वाचक कुठे अडकलेला असतो ते सांगायला नको. 'पानिपत झालं' हा वाक्प्रचार रोज वापरणाऱ्या भाषेत ती एक हुकलेली गोळी म्हणजे काय, हे त्याच्या पोटात आधीच उतरलेलं असतं. या कथेचं इंग्रजी रूप एनसीईआरटीच्या अकरावीच्या इंग्रजीच्या पुस्तकात आहे. घरात अकरावी-बारावीतलं मूल असेल तर आजी मराठीत आणि नात इंग्रजीत, असा घाट घालता येतो. मी घातलाय. भांडणं झाली, छान झाली.

पानिपताचं प्रेम नसलेल्यांना 'उजव्या सोंडेचा गणपती' द्यावी. मोबियसची पट्टी (कागदाच्या पट्टीला एक पीळ देऊन टोकं चिकटवली की होते ती), आरशातल्यासारखी डावी-उजवी उलटापालट, आणि त्यात एक गणपतीची मूर्ती. उजव्या सोंडेचा म्हणजे कडक, सोवळं सांभाळावं लागतं, हे घरोघर ठाऊक असतं. ती धाकधूक लेखकाला फुकटात मिळालेली आहे.

पायरी तिसरी: वसा शोधायचा

ही पायरी थोडी सविस्तर, कारण माझ्या मते सगळी गोम इथे आहे.

श्रावणातल्या कहाण्या आठवा. आटपाट नगर असतं. तिथे कुणीतरी गांजलेलं असतं. त्याला वसा मिळतो. वसा म्हणजे नियम: अमुक दिवशी, अमुक वस्तू, अमुक रीत. आणि बजावणी असते, "उतू नकोस, मातू नकोस, घेतला वसा टाकू नकोस." मग भरभराट होते, मग कुणीतरी उततो किंवा माततो, वसा मोडतो, सगळं जातं, पुन्हा वसा धरला की परत येतं. ऐकणारी बाई कधी विचारत नाही, की अमुक शुक्रवारीच का. नियम काय आहे ते ती नीट लक्षात ठेवते, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर चालणार हे तिला माहीत असतं.

विज्ञानकथेतही असंच ऐकायचं. लेखक सुरुवातीला एक वसा देतो. आठवण दुसऱ्याच्या डोक्यात घालता येते. किंवा, माणसाला पुढची पाच मिनिटं दिसतात, सहावं नाही. फरक एवढाच, की कहाणीत वसा देवानं किंवा नागकन्येनं दिलेला असतो, तिथे का विचारायचं नसतं. इथे लेखकाला थोडा हिशेब द्यावा लागतो, आजच्या विज्ञानाच्या अंगणात उभं राहून द्यावा लागतो. तो हिशेब तपासायचं काम तुमचं नाही. तुम्ही बघायचं ते हे, की घेतला वसा लेखकानं मध्येच टाकला का.

वाचताना पेन्सिल घ्या आणि पुस्तकाच्या मागच्या कोऱ्या पानावर (पुस्तक वाचनालयाचं असेल तर कृपया वेगळ्या चिठ्ठीवर) तीन ओळी लिहा. वसा काय? कुणाला मिळाला? कोण उतलं-मातलं? गंगाधरपंतांचं असं होईल: वसा, एका गोळीवरून दोन इतिहास फुटले आणि दोन्ही चालू आहेत. मिळाला, इतिहासाच्या प्राध्यापकाला. मातले, प्राध्यापकच, रिकामी खुर्ची बघवली नाही म्हणून. तीन ओळी झाल्या की कथा कळली. स्पष्टीकरणाचं पान नाही कळलं तरी कळली.

ज्या कथेत वसाच सापडत नाही, किंवा अडचण आली की नवा वसा निघतो, ती वाईट कथा. बेलाशक सोडा. आमच्या कट्ट्यावरच्या एका काकांनी ही कसोटी एका गाजलेल्या अनुवादावर लावली आणि म्हणाले, "यानं दर प्रकरणाला नवं व्रत काढलंय. उद्यापन कधी?" विज्ञानकथेवरचा इतका नेमका अभिप्राय मी तरी कुठे वाचलेला नाही.

अडलेले शब्द

अनोळखी शब्द पहिल्यांदा आला तर पुढे जा. दुसऱ्यांदा आला तरी जा. तिसऱ्यांदा आला तर तो कथेतलं पात्र आहे, त्याची चौकशी करा. बाकीचे शब्द सैन्यासारखे, मोजायचे नसतात.

मराठी परिभाषेचा बाऊ लोक उगाच करतात. कृष्णविवर म्हणजे काळं विवर, आत गेलेलं बाहेर येत नाही. याहून जास्त माहिती पहिल्या कथेला लागत नाही. काही शब्दांच्या पोटात तर गोष्टच असते. रोबॉट हा शब्द १९२० सालच्या कारेल चापेक यांच्या चेक नाटकातून जगभर गेला, आणि चेक भाषेत 'रोबोटा' म्हणजे सक्तीची मजुरी. आपल्याकडे त्याला शब्द आहे: वेठ. यंत्रमानव म्हटलं की डोळ्यांपुढे पत्र्याचा माणूस येतो. वेठीचा गडी म्हटलं की ताबडतोब विचार येतो, हा एक दिवस उलटणार. चापेकच्या नाटकात तो उलटतोच.

मोठ्यानं वाचा आणि शेवटी वेताळ व्हा

लोककथा कानाची. तिचा गुण विज्ञानकथेत उतरलाय की नाही ते मोठ्यानं वाचल्यावर दोन मिनिटांत कळतं. दोघांत वाचायचं असेल तर आळीपाळीनं एकेक पान. कट्ट्यावर असेल तर एकानं वाचावं, पंधरा पानांना पाऊण तास धरा, चहा आधी उरकून घ्या. व्याख्यानवजा परिच्छेद आला की वाचणाऱ्यानं बेधडक गाळावा आणि "इथे प्राध्यापक बोलतात" एवढं म्हणून पुढे जावं. कुणाला त्या परिच्छेदाची भूक असली तर तो नंतर पुस्तक मागून घेतो. घेतात, खरंच.

वाचून झाल्यावर "कशी वाटली?" विचारू नका. "छान" म्हणतात आणि उठतात. वेताळासारखा अडकवणारा प्रश्न टाका. वेताळपंचविशीत एक बाई आहे. तिचा नवरा आणि भाऊ, दोघांनी देवीपुढे मुंडकी कापून दिली. देवी म्हणाली, मुंडकी धडांना लाव, जिवंत करते. घाईत बाईनं नवऱ्याचं डोकं भावाच्या धडाला लावलं आणि भावाचं नवऱ्याच्या. आता नवरा कोणता? विक्रम म्हणतो, डोकं ज्याचं तो. कट्ट्यावर यावर चाळीस मिनिटं वाद झाला होता. एक आजी ठाम होत्या, "हात ओळखीचे नकोत का?"

मग त्याच दिवशी मी एक कथा वाचली, जिच्यात मेलेल्या माणसाच्या आठवणी यंत्रात भरून ठेवल्या आहेत आणि ते यंत्र बायकोशी त्याच्या आवाजात बोलतं. कुणीही म्हणालं नाही की सायन्स कळलं नाही. आजी म्हणाल्या, "हे तेच. फक्त याला धडच नाही." वेताळाचा प्रश्न आधी आणि कथा नंतर, हा क्रमही चालतो, कधी कधी जास्त चालतो.

प्रश्न कथा संपल्यानंतरच्या क्षणाबद्दल असावा. यंत्र बंद करायचं बटण बायकोच्या हातात असेल तर तिनं ते कधी दाबावं? बखरीचं ते फाटकं पान तुमच्या खिशात निघालं तर कुणाला दाखवाल?

पायरी जी बहुतेक जण गाळतात: आपल्या गावची गोष्ट घ्या

तीन-चार कथा झाल्या की एक संध्याकाळ पुस्तकाशिवाय ठेवा. प्रत्येकानं आपल्या गावची एक ऐकीव गोष्ट आणायची आणि सगळ्यांनी मिळून तिची विज्ञानकथा करायची. लिहायची नाही, बोलायची.

आमच्याकडे चकवा आला होता. कोकणात, घाटावर, सगळीकडे असतो. रात्री रानातून निघालेला माणूस तासभर चालतो आणि पुन्हा त्याच फणसाखाली येतो. पुन्हा चालतो, पुन्हा फणस. जाणते सांगतात, चकवा लागला की चालायचं नाही, बसून राहायचं, उजाडू द्यायचं. आता यात वैज्ञानिक धागा शोधायचा तर तो आहे. जर्मनीत ट्युबिंगेनच्या मॅक्स प्लांक संस्थेतल्या संशोधकांनी २००९ साली दाखवलं, की सूर्य-चंद्र दिसत नसले तर सरळ चालायचं ठरवलेली माणसंसुद्धा जंगलात आणि वाळवंटात गोल फिरून येतात, आणि त्यांना ते कळत नाही. म्हणजे जाणत्यांचा सल्ला बरोबर होता: बसा, उजाडू द्या.

पण एवढ्यानं विज्ञानकथा होत नाही. एवढ्यानं होतो तो 'अंधश्रद्धेमागचं विज्ञान' नावाचा लेख, आणि चकवा बिचारा मरतो. कथा करायची तर चकवा जिवंत ठेवून वसा द्यावा लागतो. कट्ट्यावर ठरला तो असा: सगळ्यांच्या हातात मोबाइल आहे, मोबाइल वाट दाखवतो, आणि एका रात्री गावातल्या सगळ्यांना तो एकाच फणसाखाली आणून सोडतो. का? कुणी म्हणालं, यंत्र बिघडलं. एका मुलीनं म्हटलं, बिघडलं नाही. पुढे दरड कोसळणार हे त्याला कळलंय आणि ते सांगायची परवानगी त्याला दिलेली नाही, म्हणून ते फिरवतंय. खोलीत दोन क्षण कुणी बोललं नाही. चकव्याचा राखणदार झाला होता.

राखणदारावरून आठवलं. सिंधुदुर्गात आरवलीच्या वेतोबाला भाविक भल्या मोठ्या चपला वाहतात. रात्री तो गावाची राखण करत फिरतो आणि चपला झिजतात, अशी श्रद्धा. त्या भागातल्या कुणालाही "गावावर नजर ठेवणारी, न दिसणारी, चुकलात तर शिक्षा करणारी आणि संकटात वाट दाखवणारी शक्ती" हे समजावून सांगावं लागत नाही. चौकाचौकांत कॅमेरे आणि त्यांच्यामागे बसलेली कृत्रिम बुद्धिमत्ता, यावरची कथा आरवलीशेजारच्या शिरोड्याच्या वाचकाला जितकी चटकन कळेल तितकी ती लिहिणाऱ्यालाही कळली असेल की नाही शंका आहे. तो लगेच विचारील: याच्या चपला झिजतात का? म्हणजे, आपल्यासाठी राबल्याची काही खूण आहे का याच्याकडे, की नुसतीच नजर?

पुढे काय वाचायचं

इथवर आलेल्या माणसाला फारशी मदत लागत नाही, तरी थोडं. नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला 'कृष्णविवर' ही कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या टोपणनावानं. स्वतःची आद्याक्षरं उलटी केली, ज. वि. ना.चं ना. वि. ज. आणि कथेला पहिलं बक्षीस मिळालं. जगद्विख्यात शास्त्रज्ञाचं नाव झाकूनही ती टिकली. तुम्हीही कथा देताना लेखकाची पदवी सांगू नका. "हे मोठे शास्त्रज्ञ आहेत" म्हटलं की वाचक आदरानं वाचतो, आणि आदरानं वाचलेल्या कथेत मजा येत नाही.

त्यानंतर बाळ फोंडके, निरंजन घाटे, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर यांच्या कथांपैकी जे वाचनालयात सापडेल ते. चौघांची चव वेगळी. माणसाच्या मनातल्या पेचांची आवड असलेल्यांना मी जावडेकर आधी देते. भयकथेतून येणाऱ्यांसाठी नारायण धारप आहेतच. त्यांनी दोन्ही अंगणांत लिहिलं आणि मधली भिंत त्यांच्याकडे फार उंच नव्हती. दिवाळी अंकांवरही नजर ठेवा. रद्दीच्या दुकानात जुने अंक किलोवर मिळतात आणि अंकाला एक चांगली विज्ञानकथा निघाली तरी सौदा स्वस्तात पडतो.

अनुवादित कादंबऱ्या सगळ्यांत शेवटी. आणि देण्याआधी पहिलं पान मोठ्यानं वाचून बघा. जीभ अडखळली तर पापडांसाठी ठेवा.

काहींना सगळं करूनही नाही आवडत. सहा कथा झाल्या की आग्रह थांबवावा; ज्याला लावणी आवडत नाही त्याला आपण सहा फडांवर नेत नाही.

त्या मावशींना अखेर मी एकच कथा दिली होती, झेरॉक्स, तेरा पानं. आठवड्यानं त्यांनी फोन करून संपूर्ण संग्रह मागवला. तो परत आलेला नाही. विचारलं तर म्हणाल्या, भिशीतल्या एकीकडे आहे, तिनं तिच्या सुनेला दिला, पुढचं माहीत नाही. अशा वेळी चौकशी करू नये. मी मुकाट्यानं दुसरी प्रत आणली आणि या खेपेला मागच्या पानावर पेन्सिलीनं तीन ओळींसाठी जागा आखून ठेवली.